सबनीसांच्या चकचकीत चाळण्या

आयुष्यात मी तीन माणसांचा मनापासून तिरस्कार केला. त्यातली दोन नात्यातली आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याची सोय नाही. तिसरे डॉ. दिगंबर सबनीस. त्यांच्याविषयी वाईट बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. जो भेटतो तो त्यांच्या विद्वत्तेचं, साधेपणाचं आणि मुख्य म्हणजे प्रामाणिकपणाचं कौतुक करतो. त्या कौतुकानं माझं पित्त खवळतं, म्हणून हे लिहायला बसले. या लेखभर मी त्यांना अहोजाहो करणार आहे. ते घरच्या वळणामुळे. आदराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझे यजमान हवाई दलात होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची बदली चंदीगडला झाली. पंजाब तेव्हा धुमसत होता. चंदीगडनं मात्र आपले रुंद रस्ते, गुलाबाची बाग आणि सकाळचं फिरणं सांभाळलं होतं. फरक इतकाच, की चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बंदुका घेतलेले जवान बसत आणि अंधार पडला की पंजाबच्या आतल्या गावांना जाणाऱ्या बस सुटत नसत. मी कराडची, भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली. अधिकाऱ्यांच्या बायकांचे चहा आणि तंबोला यांना सहा महिन्यांत विटले आणि एका छोट्या सरकारी केंद्रात तात्पुरती नोकरी धरली. हिमनद्यांचा अभ्यास करणारं ते केंद्र आता बंद झालंय. त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही.

सबनीस तिथले प्रमुख. पहिल्या दिवशी त्यांनी माझा अर्ज चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचला आणि विचारलं, "कराड का? बरं, बरं. तिकडेही भूशास्त्र घेतात हल्ली?" मग नवऱ्याचा हुद्दा वाचून झाल्यावर आवाजात मध आला. "म्हणजे कॅन्टीन असेल तुम्हाला." त्या दिवसापासून मला दोन नावं पडली. लष्कराच्या कॅन्टीनमधून स्वस्तात प्रेशर कुकर, मिक्सर किंवा चांगल्यापैकी बाटली हवी असली की मी "वहिनी" असे. कामात काही चुकलं, किंवा त्यांचंच चुकलेलं मी दाखवलं, की मी "मिसेस निकम" होई. हाक ऐकूनच मला पुढचं वाक्य कळायला लागलं होतं.

दिसायला माणूस अगदी सज्जन. सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं. आवाज कधी चढला नाही. हळू बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे लोक साधू समजतात. सबनीसांनी या समजुतीवर जन्म काढला. त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "शास्त्रात माणूस नसतो, मिसेस निकम. पुरावा असतो." हे वाक्य ते पाहुण्यांपुढे म्हणत, वार्षिक अहवालात लिहीत, आणि एकदा तर आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटायचा थांबवून म्हणाले. मुलं ताटाकडे बघत उभी होती.

त्यांना काहीच येत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात बसलेला होता. वाळूच्या चिमटीतला कण बघून तो कुठल्या खडकातून आला हे ते चहा गार व्हायच्या आत सांगत, आणि ते बरोबर असे. एवढं चांगलं बघता येणाऱ्या माणसाला समोरचा माणूस का दिसू नये, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. हिमाचलात, लाहुलच्या एका बाजूच्या दरीत एक जुना, आटून गेलेला तलाव आहे. एके काळी तिथवर हिमनदी होती. ती वितळून मागे सरली, तिनं टाकलेल्या दगडधोंड्यांच्या बांधामागे पाणी साचलं आणि तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसत गेला. सगळ्यात खाली बर्फानं आणलेले दगडगोटे, त्यावर गाळ. तो गाळ बसायला कधी सुरुवात झाली हे कळलं, तर बर्फ कधी गेलं ते कळतं. आता गाळाला काही तारीख घातलेली नसते. पण कुठे दूर एखादा मोठा ज्वालामुखी फुटला, तर त्याची राख हजारो मैल उडून सगळीकडे एकाच वेळी पडते. स्फोट कधी झाला ते ठाऊक असेल, तर ज्या थरात ती राख सापडली त्या थराचं वय कळतं. अशी राख म्हणजे काचेचे बारीक बारीक तुकडे. डोळ्यांना दिसत नाहीत. गाळ धुवायचा, चाळायचा आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

नेमकी त्याच सुमारास बातमी आली होती, की आपल्याकडे पुणे जिल्ह्यात एका नदीच्या काठी सुमात्रा बेटाकडच्या प्रचंड जुन्या स्फोटाची राख सापडली आहे. सत्तर-पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची. सबनीसांचे जुने वर्गमित्र त्यावर बोलत होते, लिहीत होते. सबनीसांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा त्यावर चहाचा कप ठेवत. त्यांना आता लाहुलात राख हवी होती.

ती शोधायला खड्डा खणणारा माणूस म्हणजे करतारसिंग. आमच्या प्रयोगशाळेचा परिचर, चाळिशीतला, उंच, कमी बोलणारा. नऊ वर्षं रोजंदारीवर होता. त्याचं गाव तरनतारनच्या पलीकडे, अतिरेक्यांच्या ऐन मुलखात. बायको आणि दोन मुली तिकडे होत्या. त्या गावात तेव्हा राहणं कसं होतं, हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही बीकर विसळता विसळता. "बीबीजी, रात को एक आते हैं, कहते हैं रोटी दो. सवेरे दूजे आते हैं, पूछते हैं रोटी क्यों दी." त्याला बायकापोरींना चंदीगडला आणायचं होतं. शहराच्या कडेला बुरैल वस्तीत त्यानं एक खोली घेतली होती, स्वतः चुना मारला होता, दोन बाजा विणून ठेवल्या होत्या. मोठीला सहावीत घालायचं होतं आणि शाळेत बोलूनही ठेवलं होतं. अडलं होतं एका कागदावर. त्याला कायम करण्याची शिफारस सबनीसांनी करायची होती. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरची माणसं तपासनाक्यावर "कुणाकडे चाललात" या प्रश्नाला काय उत्तर देणार? कायम झाला की ओळखपत्र, ओळखपत्र मिळालं की कुटुंब. त्याच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब त्या एका सहीवर येऊन थांबला होता आणि सबनीसांना ते पक्कं ठाऊक होतं. ते म्हणत, "करेंगे, करतारसिंग. लाहुल का काम होने दो, फिर एकदम करेंगे."

लाहुलला आम्ही जीपनं गेलो. रोपड, किरतपूरपर्यंत पंजाबचा रस्ता, मग हिमाचलचा डोंगर. जीप निघताना सबनीस म्हणाले, "करतारसिंग, तुम आगे बैठो, मेरे बाजू में." मला वाटलं, काय हा मोठेपणा. रोपडच्या अलीकडे पोलिसांचा नाका दिसला, तशी त्यांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. "अब तुम पीछे जाव. सामान के पास." नाका ओलांडला, दोन मैल गेलो, रस्ता सुनसान झाला, की पुन्हा, "आगे आव." जिथे अतिरेकी जीप अडवतील अशी भीती, तिथे पुढच्या सीटवर पगडी हवी. जिथे पोलीस अडवतील, तिथे ती नजरेआड हवी. किरतपूर येईपर्यंत हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी सबनीसांनी तोंड उघडायच्या आत करतारसिंग आपणहून उतरला आणि मागे सामानात जाऊन बसला. माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. मला शरम वाटली. सबनीस त्या वेळी खिडकीतून बाहेरचे थर बघत होते आणि मला त्यांची माहिती देत होते.

रोहतांगची खिंड ओलांडल्यावर सबनीसांना विरळ हवा बाधली. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही; बाधते. ते विश्रामगृहात राहिले आणि खानसाम्याला शिरा कसा करतात ते शिकवत बसले. तलावाच्या जागी आम्ही दोघं गेलो. करतारसिंगनं चार दिवसांत पुरुषभर खोल खड्डा खणला. भिंती इतक्या सरळ, की ओळंबा लावावा. खाली दगडगोटे लागेपर्यंत थांबला नाही. गाळाचे नमुने मी क्रमानं डब्यांत भरले, त्यानं एकेका डब्याला कापड गुंडाळलं. पाचव्या दिवशी सबनीस आले, पंधरा मिनिटं. खड्ड्यात उतरले, हातात खुरपं घेतलं आणि फोटो काढायला सांगितलं. वरून करतारसिंगची सावली पडत होती. "जरा उधर सरको, फोटो में आता है." तो सरकला. तो फोटो पुढे तीन ठिकाणी छापून आला.

आता चाळण्या. गाळ चाळायच्या आमच्या चाळण्या पितळेच्या होत्या, एकीत एक बसणाऱ्या, खाली खाली बारीक जाळीच्या. सबनीसांना त्या चकचकीत लागत. त्यांच्या आईच्या देवघरातली उपकरणी म्हणे अशी लखलखत, की वात लावावी लागत नसे. करतारसिंग चिंचेनं घासायचा आणि चाळण्या स्वच्छ होत. पण सबनीस बोट फिरवून म्हणत, "चाळणी में तोंड दिखना चाहिए." एकदा ते बावीस सेक्टरात आपली कवळी दुरुस्त करायला गेले. कवळी करणाऱ्यानं एक पांढरी पूड लावून दात असा घासला, की सबनीस खूश झाले. त्यांनी ती पूड मुरंब्याच्या बरणीत भरून आणली, बरणीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली, "चाळण्यांसाठी", आणि करतारसिंगच्या हातात दिली. मी तिथे होते. करतारसिंग म्हणाला, "साबजी, इमली नाल ही चंगे हो जांदे ने." चिंचेनंच चांगल्या निघतात. सबनीस म्हणाले, "इमली देहात में. यहाँ शास्त्र है."

ती पूड कसली, हे त्यांनी विचारलं नाही. वाळूच्या कणाची सात पिढ्यांची कुंडली मांडणाऱ्या माणसाला त्या बरणीतली एक चिमूट काचेवर टाकून बघावी असं वाटलं नाही. भांडी घासणं त्यांच्या शास्त्रात बसतच नव्हतं. ते करतारसिंगचं खातं होतं. मीही बघितलं नाही, हे कबूल करते.

दोन महिन्यांनी राख सापडली. दगडगोट्यांना लागून वर बसलेल्या पहिल्याच गाळात. मीच सबनीसांना बोलावलं. फुटलेल्या दिव्याच्या काचेसारखे वाकडे, पातळ, स्वच्छ तुकडे. सबनीस सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, बर्फ पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच गेलं होतं इथून. सगळ्यांचं चुकलं." कॅन्टीनमधलं काही नको असताना त्यांनी मला वहिनी म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्यांचा तो आनंद खरा होता आणि त्या दिवशी मला ते जवळजवळ आवडले. करतारसिंगला त्यांनी बर्फी आणायला पिटाळलं. तो म्हणाला, "साबजी, तो मेरा कागज?" सबनीस म्हणाले, "अब तो पक्का."

कण परदेशातल्या एका प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीला गेले. उत्तर यायच्या आतच सबनीसांनी दिल्लीत जाऊन निष्कर्ष सांगून टाकला. टाळ्या पडल्या. इकडे मी राहिलेले नमुने तपासत होते आणि राख वाढतच चालली होती. वरच्या थरात, मधल्या थरात, अगदी खालच्या दगडगोट्यांमधल्या मातीतही. एवढ्या वेळा ज्वालामुखी फुटला म्हणायचा की काय? मग मी सुखना तलावाचा गाळ आणला. सुखना म्हणजे शहर वसवताना बांधलेला तलाव. वय तीस वर्षं. त्यातही तीच काच. सबनीसांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "शिवालिकच्या डोंगरात जुन्या राखेचे थर आहेत, मिसेस निकम. तिथून वाहून आली असेल. वाचन वाढवा." मी घरी येऊन वाचलं, तर शिवालिकमधल्या त्या राखेची कधीच माती झालेली आहे. काच उरलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी करतारसिंग चाळण्या घासत होता. पूड ओली करून बोटानं जाळीत दाबत होता. मी ते बघितलं आणि बरणी उचलली. चिमूटभर पूड काचेवर घेतली. प्यूमिस. ज्वालामुखीचाच दगड, दळलेला. हुबेहूब आमची राख.

मी ती काच सबनीसांसमोर ठेवली. त्यांनी बघितलं. त्यांना एका क्षणात कळलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी विचारलं, "करतारसिंगला सांगितलंत?" मी नाही म्हटलं. "नका सांगू. उत्तर येऊ दे." दोन दिवसांनी फडताळात बरणी होती, पण चिठ्ठी नव्हती. काचेवर खळीचा चौकोन तेवढा राहिला होता, नखानं खरवडलेला.

उत्तर आलं. भाषा फार अदबीची होती. ही काच आशियातल्या कुठल्याही माहीत असलेल्या स्फोटाशी जुळत नाही, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरच्या, पॉलिशसाठी जगभर विकल्या जाणाऱ्या दगडाशी तंतोतंत जुळते. आपल्या प्रयोगशाळेत प्यूमिस वापरतात काय?

करतारसिंग तेव्हा गावी गेला होता. मुलींना घेऊनच येतो म्हणाला होता. कागद होणार या भरवशावर. तिकडे संचारबंदी लागली आणि तो सहा दिवस अडकला. त्या सहा दिवसांत सबनीसांनी अहवाल लिहिला. मी तो वाचला आहे. त्यात खोटं वाक्य एकही नव्हतं. "परिचराकडून चाळण्यांच्या सफाईसाठी अयोग्य पावडरचा वापर झाल्याचे निदर्शनास आले." झाला होताच. पावडर आणली कुणी, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. शेवटी एक ओळ होती: "सदर कर्मचारी सध्याच्या परिस्थितीत वारंवार आपल्या गावी जातो व वेळेवर परतत नाही, याची नोंद घ्यावी." त्या वर्षात, त्या गावच्या माणसाच्या कागदावर अशी ओळ लिहिणं म्हणजे काय, हे पंजाबात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सबनीसांना तर नक्कीच.

त्यांनी मला खाली साक्षीची सही करायला सांगितली. मी नाही म्हटलं. तेव्हा ते रागावलेसुद्धा नाहीत. "तुमची इच्छा. तुम्ही दोन वर्षांच्या पाहुण्या."

घरी यजमान म्हणाले, "विचार कर. उद्या कुणी विचारलं, की हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको तरनतारनच्या माणसासाठी का भांडते, तर काय सांगू?" मी विचार केला आणि तरीही लिहिलं. दोन पानं. पूड कुणी आणली, चिठ्ठी कुणाच्या अक्षरात होती, इमली पुरते असं कोण म्हणालं होतं. खाली सही केली. आणि मग मी ती मूर्ख चूक केली जी फक्त सरकारी नोकरीतलं माणूस करू शकतं. दिल्लीच्या वरिष्ठांना काहीही लिहायचं तर ते कार्यालयप्रमुखामार्फतच गेलं पाहिजे असा नियम होता. कार्यालयप्रमुख सबनीस. मी शिस्तीत जाऊन ती पानं त्यांच्या हातात दिली, नक्कलही न ठेवता. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली, घडी घातली आणि गोड आवाजात म्हणाले, "पाठवतो हं, वहिनी."

वहिनी म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

करतारसिंग परत आला. दोन्ही मुली आणि बायको बरोबर होत्या. त्यांना बुरैलच्या खोलीत सोडून तो थेट कामावर आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. सबनीसांनी त्याला खुर्ची दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि हळू आवाजात सांगितलं, की त्याला कामावरून काढण्याचा वरून हुकूम आला आहे, आपला इलाज नाही, फार वाईट वाटतं. करतारसिंगनं ऐकून घेतलं. मग पूड कुणी आणली होती तेवढंच विचारलं, "साबजी, पावडर ते तुसीं लिआए सी ना?" सबनीस म्हणाले, "वो सब रेकॉर्ड में नहीं है, भाई." उठताना त्यानं खुर्ची जागेवर सरकवून ठेवली.

चार दिवसांनी मी बुरैलला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोलीस दोनदा चौकशीला आले, नोकरी काय विचारलं, कागद मागितले. मग तो सगळ्यांना घेऊन गेला. कुठे? गावीच, आणखी कुठे. चुन्याचे ओघळ उंबऱ्यावर तसेच होते. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. मी पत्र टाकलं असतं तर कदाचित कळलं असतं. मी टाकलं नाही. भीती वाटली, हे खरं कारण. सबनीसांविषयी एवढं तोंड सोडून लिहिताना तेवढं लिहिणं भाग आहे.

सबनीसांनी आपला निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला आणि इथून त्यांच्या कीर्तीला खरी सुरुवात झाली. आपली चूक स्वतः कबूल करणारा शास्त्रज्ञ. कुठेही व्याख्यान असलं की ती गोष्ट ते सांगत. एका अडाणी परिचराच्या हातून झालेली साधी चूक, परदेशातून आलेलं ते पत्र आणि "मी दुसऱ्याच दिवशी माघार घेतली." लोकांचे डोळे पाणावत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, पुण्यात. त्यांचा सत्कार होता. मी मागच्या रांगेत बसले होते. ते गोष्ट सांगत होते आणि माझ्या शेजारचा तरुण प्राध्यापक वहीत लिहून घेत होता. कार्यक्रम संपल्यावर दारात गाठ पडली. खूप थकले होते, हातात काठी. मला वाटत होतं, ओळखणार नाहीत. ओळखलं असतं आणि सगळं विसरले असते, तर म्हातारा माणूस म्हणून मी त्यांना सोडूनही दिलं असतं.

"वहिनी," ते लगेच म्हणाले. "किती वर्षांनी. करतारसिंग आठवतो का तुम्हाला? काय खड्डा खणला होता त्यानं. भिंतींना ओळंबा लावावा."

मी म्हटलं, "सर, मी तुम्हाला दोन पानं दिली होती."

"आहेत ना. घरी फाईलमध्ये आहेत. मी कुणाचा कागद कधी फाडत नाही." त्यांनी हसून मान हलवली. "अक्षर फार छान होतं हो तुमचं. आणि मुद्देही बिनचूक."

"मग पाठवली का नाहीत?"

त्यांना त्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं. एखादा सोपा कण मला ओळखता आला नाही की ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाठवली असती तर मला जावं लागलं असतं, वहिनी. तो काय, रोजंदारीवरच होता."

त्यात गुर्मी नव्हती, लाज नव्हती. मला समजावून सांगितल्याचं समाधान तेवढं होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात पाठ केलेलं सगळं भाषण होतं माझ्याजवळ आणि मी बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.

सून त्यांना हात धरून पायऱ्या उतरवून घेऊन गेली. खाली ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. सबनीस काठी सावरत आत बसले, मग पुन्हा बाहेर वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात त्याचे आभार मानले.